कोपऱ्यात न येणारे मासे

“माझे पत्ते बघू नकोस!” चष्मी ओरडली.

“मी कुठे बघतोय? तुझ्या चष्म्यात ते आपोआप दिसतात!” भोंगा म्हणाला. त्याचं कुजबुजणंही तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं, म्हणून घरात त्याला सगळे भोंगाच म्हणत.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मामी आत आली आणि हातातला कागद तिने टेबलावर आपटला.

“असं होऊच कसं शकतं?”

पत्ते तिथेच राहिले. चष्मी आणि भोंगा ही बहीणभावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. मामा कामासाठी बाहेरगावी गेलेला, त्यामुळे मामी दोघांना आणि आपल्या मुलीला, म्हणजे मुंगीला, रोज प्रयोगशाळेत घेऊन यायची. मुंगी दहा वर्षांची होती. ती बोलायची कमी आणि बघायची फार.

“काय झालं, मामी?” चष्मीने विचारलं.

मामीने कागद पुढे सरकवला. “रेनकोटच्या कापडावर पाणी ठरू नये म्हणून एका कंपनीने नवं रसायन बनवलंय. कारखान्यातून ते थोडंफार नदीत जाणारच. पाण्यात ते इतकं कमी असेल, की वाससुद्धा यायचा नाही. पण माशाच्या अंगात ते साठत गेलं तर? शेवटी तो मासा कोणीतरी खाणारच ना!”

“म्हणून तुम्ही मासे त्या पाण्यात ठेवलेत!”

“हो. अठ्ठावीस दिवस. मधूनमधून चार मासे काढून त्यांच्यातलं रसायन मोजायचं. तिसऱ्या दिवशी माशात पाण्याच्या चारशे पट रसायन होतं. सातव्या दिवशी आठशे पट. चौदाव्या दिवशी चौदाशे! आणि एकविसाव्या दिवशी... पाचशे.”

“घसरलं?” भोंगा किंचाळला.

“घसरलं. पाण्यात रसायन तेवढंच आहे, ते मी स्वतः रोज तपासते. कंपनीचे साहेब तर खूश आहेत. म्हणतात, मासे रसायन बाहेर टाकायला शिकले. अठ्ठावीस दिवसांची वाट कशाला, उद्यापर्यंत तसं लिहून द्या, असा तगादा लावलाय.”

मामी गेल्यावर चष्मीने पेन्सिल घेतली आणि कागदावर ठिपके जोडले. रेघ भराभर वर चढली आणि एकदम धपकन खाली आली.

“मला त्या टायवाल्या साहेबांचा संशय येतोय,” भोंगा म्हणाला. “रोज कशाला येतात इथे? आणि ती काळी बॅग? सोडतच नाहीत हातातून!”

“थांब रे!” चष्मीचं बोट कागदावर थांबलं. “तिसऱ्या दिवशी चारशे, सातव्या दिवशी आठशे. मग पाचशे कितव्या दिवशी असतील?”

“चौथ्या!”

“म्हणजे हे मासे त्या पाण्यात येऊन चारच दिवस झालेत!”

 मग मुंगी हळूच म्हणाली, “म्हणूनच ते कोपऱ्यात येत नाहीत.”

“कोण?”

“मासे. चला, दाखवते. खाणं टाकायची वेळ झालीच आहे.”

टाक्यांच्या खोलीला मोठी काच होती. आत जायची मुलांना परवानगी नव्हती, पण काचेला नाक लावायला कोणाची ना नव्हती. आत टाकीकाका होते. टाक्या धुणं, खाणं टाकणं, नोंदी ठेवणं ही सगळी कामं त्यांची. मुलांना ते रोज खिशातून बिस्किटं काढून देत. आताही त्यांनी हात हलवला आणि साध्या पाण्याच्या टाकीत डाव्या कोपऱ्यात चमचाभर खाणं टाकलं. सगळे मासे झुंडीने कोपऱ्यात धावले.

मग काका रसायनाच्या टाकीकडे वळले. पुन्हा डावा कोपरा, पुन्हा एक चमचा.

“मोज!” चष्मी पुटपुटली.

कोपऱ्यात फक्त नऊ मासे आले. बाकीचे सगळे टाकीच्या मधोमध, तोंड वर करून, वेड्यासारखे वाट बघत होते. तिथे तर काहीच पडत नव्हतं!

“मधोमध खाणं कुठे मिळतं?” चष्मीने विचारलं.

मुंगीने बाहेरच्या, राखीव माशांच्या टाकीकडे बोट दाखवलं. तिच्या प्रत्येक कप्प्यावर बरोबर मध्यभागी खाणं टाकणारं यंत्र बसवलेलं होतं!

राखीव टाकीत काचेचे असे तीन कप्पे होते. प्रत्येकाने एकेक वाटून घेतला. भोंग्याला चार वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. “हे हलतात हो!” तो सारखा कुरकुरत होता. शेवटी बेरीज झाली त्र्याण्णव. टाकीवरच्या पाटीवर लिहिलं होतं एकशे वीस.

“सत्तावीस गायब!”

“आईला सांगू या,” मुंगी म्हणाली.

“काय सांगणार? कोणी केलं ते कुठे माहीत आहे आपल्याला?” चष्मी विचारात पडली. “मुंगे, रसायनाच्या टाकीतला मासा मेला तर काय करतात?”

“कचऱ्यात टाकत नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवतात. महिनाअखेरीस खास गाडी येऊन घेऊन जाते.”

“आणि गाडी अजून आलेली नाही!” चष्मीचे डोळे चमकले. “भोंग्या, आता तुझा आवाज कामाला येणार.”

चहाच्या खोलीत साहेब आणि टाकीकाका एकाच टेबलाशी बसले होते. साहेबांनी ती काळी बॅग उघडली. आत होता जेवणाचा डबा! भोंग्याचं तोंड पडलं, पण चष्मीने त्याला कोपराने ढोसलं.

“ऐकलंस का?” भोंगा गरजला. “मामी आत्ताच फ्रीझर रिकामा करणार आहे! एकेक पुडकं उघडून बघणार!”

साहेब पोळीचा तुकडा मोडत राहिले. टाकीकाकांचा कप मात्र बशीवर खणकन आदळला. अर्धा चहा तसाच टाकून ते उठले.

“काका?” भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. “आपले टाकीकाका?”

मुंगी आधीच आईला बोलवायला धावली होती.

मामी पोचली तेव्हा टाकीकाका फ्रीझरपाशी उभे होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गारठलेलं पुडकं होतं. दारात मामी आणि तिच्यामागे तीन चेहरे बघताच ते मटकन स्टुलावर बसले.

“सतराव्या दिवशी, रविवारी... मोबाइल चार्ज करायला मी हवेच्या पंपाची पिन काढली,” ते म्हणाले. “मॅच बघत बसलो आणि परत लावायला विसरलो. आलो तर सत्तावीस मासे तरंगत होते. नोकरी जाईल या भीतीने राखीव टाकीतले आणून सोडले.”

“आणि एकविसाव्या दिवशीचे चार?” मामीने विचारलं.

“मधली झुंड सापडायला सोपी, बाई. जाळी तिथेच घातली.”

मामीने त्यांच्या हातातलं पुडकं काढून घेतलं. मग म्हणाली, “मासे मेले हे सांगितलं असतंत तर मी रागावले असते. एवढंच झालं असतं. पण मी उद्या सही करणार होते! हे रसायन साठत नाही, असं लिहून देणार होते!”

काकांनी मान खाली घातली. मुलांनाही वर बघवेना.

त्याच दुपारी पुडक्यातल्या माशांमधलं रसायन मोजलं गेलं. आकडा आला सोळाशे पट. चष्मीने सतराव्या दिवसावर ठिपका दिला, आणि रेघ वरच चढत गेली.

साहेब वैतागले. “मेलेल्या माशांवर अहवाल लिहिणार तुम्ही?”

“नाही,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या. “सगळी चाचणी पहिल्या दिवसापासून पुन्हा होईल. तोवर तुम्हाला आमचं पत्र मिळणार नाही.”

टाकीकाकांना टाक्यांवरून काढून भांडारात पाठवण्यात आलं. जाताना त्यांनी खिशातली बिस्किटं टेबलावर ठेवली. भोंग्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

प्रमुख बाईंनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. “आकड्यांचा हिशोब कोणी लावला?”

“चष्मीने!”

“आणि फ्रीझरची थाप?”

“माझा आवाज, डोकं हिचं!” भोंगा म्हणाला, आणि खिडकीची काच थरथरली.

“आणि मासे कोपऱ्यात येत नाहीत, हे कोणी पाहिलं?”

मुंगी आईच्या मागे सरकली. “मी काही केलं नाही. मी नुसती बघत होते.”

प्रमुख बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बघितलंत?” त्या मामीला म्हणाल्या. “तीन आठवडे आपण सगळे मासे मोजत होतो. त्यांच्याकडे बघितलं ते हिने एकटीने.”

मामीने मुंगीला पुढे ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिने बराच वेळ उचलला नाही.