धरणापर्यंत दहा किलो

"ओ मॅडम! मुरमुरे हाये म्हणून एका हातानं नका धरू... हलकी चीज दोन हातानं धरा लागते!"

गोरेगावच्या आठवडी बाजारातला तो आवाज चार वर्षांनंतरही चेतनाच्या कानात तसाच होता. वाऱ्यानं तिची थैली उलटवली, रस्ताभर मुरमुरे झाले, आणि मुरमुऱ्यांच्या ढिगामागून एक हसरा चेहरा वर आला – केशोरीचा ओमेश. त्यानं थैली पुन्हा भरून दिली. तिनं ती दोन हातांनी धरली... आणि पुढच्या बाजाराला, घरात मुरमुरे असतानाही, पुन्हा गेली.

आता ती केशोरीची सून होती, आणि दोघांची बोलिव्हियाची तिकिटं निघाली होती. पाठीवर पिशव्या टाकून महिनाभर डोंगर तुडवायचे, आणि शेवटी आभाळाला टेकलेलं ते पांढरं मिठाचं मैदान पाहायचं.

"मीठ पाहाले सात समुद्र?" शेजारच्या जमुनाबाई पदराआड हसल्या. "माह्या डब्यात नाही का व मीठ?"

"तुमच्या डब्यात चालता येत नाही ना, काकी!"

पण गेल्या साली न्यूमोनियानं चेतनाला अकरा दिवस दवाखान्यात झोपवलं होतं. म्हणून ओमेशनं अट घातली होती – दहा किलो तांदूळ पाठीवर घेऊन इटियाडोहच्या धरणापर्यंत न थांबता चालून दाखव, नाहीतर तिकिटं रद्द.

"दाखवते," ती एवढंच म्हणाली होती.

सरावाच्या पहिल्या सकाळी खांदे सोलून निघाले. पंधराव्या दिवशी पिशवी हलकी वाटू लागली. आणि आज, परीक्षेच्या दिवशी, कापलेल्या धानाच्या वासातून ती चक्क गुणगुणत निघाली –

पाठीवरी ओझं बाई, पाय माझे वाऱ्यावर,
साजण मागं मागं, डोळे माझ्या खांद्यावर...

"लय जोरात चालून राहिली व!" पाठीवर आपलीही दहा किलोची पिशवी घेतलेला ओमेश मागून धापा टाकत म्हणाला.

"तू मागं राहून पाहून राहिला ना, म्हणून."

"पाहू नाही का? बायको हाये माही."

"बायको पुढं हाये. पाहाचं असंल तर गाठ!"

कालव्याच्या पाळीवर बाभळीच्या फांदीत पिशवी अडकली. तिनं हिसका दिला... टर्र! आणि धुक्यात, ओल्या गवतावर, पांढरेशुभ्र मुरमुरे सांडत गेले – मूठभर, पसाभर, सूपभर.

चेतना वळली. "हे काय?"

"मुरमुरे."

"ते दिसते मले. काऊन?"

"खांदे लाल दिसत होते तुये... रोज थोडे थोडे तांदूळ काढत गेलो." त्यानं मान खाली घातली. "माह्याच पिशवीत हायेत."

म्हणजे हा वीस किलो घेऊन मागून येत होता! तिला हसू येणार होतं... पण डोळेच भरून आले. "आन मी समजून राहिली, मीच तयार झाली! तिथं डोंगरावर कोणाचे मुरमुरे भरशील, ओमेश?"

तो खाली वाकून सांडलेले मुरमुरे गोळा करू लागला.

तिनं फाटलेली पिशवी ओढणीनं करकचून बांधली आणि उलट्या दिशेनं चालू लागली.

"कुठी चालली? अर्धा रस्ता झाला ना!"

"मुरमुऱ्यांचा झाला. तांदळाचा एक पाऊलही नाही."

घरी येऊन त्याच्या मुरमुऱ्यांच्या दुकानाच्या काट्यावर तिनं स्वतः दहा किलो मोजले. जमुनाबाई दारातून बघत राहिल्या, आज त्यांनाही थट्टा सुचली नाही. ऊन वर चढलं. पट्टे खांद्यात रुतले, गाणं केव्हाच थांबलं. दोनदा ओमेश म्हणाला, "बस झालं, चेतना... मीच हरलो." दोनदा तिनं मान हलवली. पाऊल मात्र पडत होतं – पुढंच.

धरणाच्या भिंतीशी तिनं पिशवी उतरवली. समोर इटियाडोहचं पाणी उन्हात पांढरं पसरलं होतं.

"आता बोल," ती धापा टाकत म्हणाली. "अट कायले घातली होती?"

ओमेशनं तिचा घामेजला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट.

"तू हरावी म्हणून. पण तुये लाल खांदे पाहावले नाही मले," तो म्हणाला. "अकरा दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो मी... डोंगराले नाही भेत, चेतना. तुह्याबिगर घरी परत याले भेतो. लगन झालं, तरी एकदाही सांगतलं नाही... लय प्रेम हाये माह्यं तुह्यावर."