तीन मिनिटांची फुंकर

डॉक्टर आन्सेल फ्रीसन मला पहिल्यांदा भेटले ते कॅनडातल्या सास्काटूनच्या आमच्या मुलांच्या रुग्णालयात, लिफ्टमध्ये. मी तिथं मेंदूचे आलेख काढते. माझ्या हातात कागदी भिरभिरं, त्यांच्या हातात मीच काढलेला एक आलेख.

"लेस्या तुम्हीच ना? मेझीच्या मेंदूचा आलेख नॉर्मल आलाय."

"नॉर्मल नाही, अर्धवट. तीन मिनिटं भिरभिरं जोरजोरात फुंकायचं असतं, तेव्हाच लपलेला दोष आलेखात दिसतो. ती चाळीस सेकंदांतच रडायला लागली. तसं खाली लिहिलंय मी... खालचं कोण वाचतं म्हणा."

त्यांचे कान लाल झाले. उंच माणसाचे कान लाल झाले की लपत नाहीत.

सात वर्षांची मेझी वर्गात मध्येच हरवायची. बाई म्हणायच्या, पोरीचं लक्षच नसतं. सोमवारपासून तिला चंचलपणाच्या गोळ्या सुरू होणार होत्या.

"खरा आजार निसटला तर पोर उगाच मठ्ठ ठरेल," मी म्हटलं.

"मग आजच पुन्हा करू. मीही फुंकतो तिच्याबरोबर."

डोक्याला तारा चिकटवलेली मेझी त्यांना म्हणाली, "तुम्ही हरणार."

दीड मिनिटात डॉक्टरांना गरगरायला लागलं.

"बसा," मी म्हटलं. "पेशंट एकच पुरे."

मेझी हसली, फुंकत राहिली... आणि तिचं भिरभिरं थांबलं. नजर खिळलेली, पापण्या थरथरताहेत. पडद्यावर टोकदार लाटा, सेकंदाला तीन, विणकामाच्या टाक्यांसारख्या एकसारख्या.

"मेझी, पेंग्विन," मी हळूच म्हटलं.

दहा सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागली.

"कुठला प्राणी म्हटला मी?"

"कधी?"

शेजारी बसलेल्या तिच्या आईनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ही मुद्दाम करत नव्हती?"

"एकदाही नाही," डॉक्टर म्हणाले. "या फिट्‌स आहेत. औषध आहे यावर."

सहा आठवड्यांनी मेझी परत आली. डॉक्टरही येऊन उभे राहिले. तीन मिनिटं पुरी फुंकली. रेषा शांत — एकही टोक नाही. आई रडत रडत हसत होती.

मी तारा काढायला लागले, तशी मेझी म्हणाली, "आता माझं काही सुटत नाही. डॉक्टर पडद्याकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते. सगळा वेळ."

मी वळून पाहिलं. नाकारायला त्यांना भरपूर वेळ होता...

"निदान अचूक आहे," ते म्हणाले. "लिफ्टपासूनच. उद्या संध्याकाळी नदीकाठी फिरायला याल?"

"येईन."

माझे हात तारांच्या चिकट लेपानं बरबटलेले होते. त्यांनी तसाच धरला एक.