दुसरं बोट

त्या ऑफिसातली टेबलं नुसती नावाला होती. बायकांनी दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायचे, पण काम सगळं दूर कुठल्याशा मोठ्या मशीनच्या पोटात. समोरच्या काचेवर बोट टेकलं की आपलं पान उघडायचं. दर अर्ध्या तासानं मशीन पुन्हा बोट मागायचं. नाही दिलं की पान मिटायचं, आणि साहेबाला कळायचं, बाई जागेवर नाही.

त्यांतल्या सगळ्यांत लहान बाईला, धाकटीला, मात्र चारला निघावंच लागे. चार वर्षांची छकुली पाळणाघरात, आणि घरात कमावणारी धाकटी एकटीच. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणायची, "तू जा, मी बघते."

बघायची कशी, तर एखादं बोट कापलं-भाजलं तर काम अडू नये म्हणून प्रत्येकीची दोन बोटं नोंदवलेली. नोंदवताना मशीनवाल्याची पाठ वळली, तशी धाकटीच्या दुसऱ्या बोटाच्या जागी ताईनं आपलंच बोट दाबून दिलं. पुढे पाळणाघराच्या दारालाही तसलीच काच बसली. तिथंही धाकटीच्या नावावर हीच जोडी, एक तिचं, एक ताईचं. अडीअडचणीला ताई छकुलीला आणायला जायची, आणि छकुली तिला मावशी म्हणायची.

आणि ताई तीन दिवसांच्या तापात गेली.

पंधरा दिवस धाकटीनं निमित्तं काढली. कधी छकुलीला आजारी पाडलं, कधी स्वतः पडली. सोळाव्या दिवशी निमित्तं संपली. आता नोकरी गेली असं धरूनच ती चारला उठली.

सकाळी साहेब म्हणाला, "काल सहापर्यंत बसलात. असंच चालू द्या."

रिपोर्ट सगळे पुरे झालेले. प्रत्येक वाक्यापुढं दोन मोकळ्या जागा. ती खोड एकट्या ताईची. साहेब थट्टा करायचा, "ताई, जागा काय फुकट मिळते?"

त्या दिवशी पाळणाघरातल्या बाईला गळ घालून धाकटी मुद्दाम मागं थांबली. चार वाजले. मशीननं बोट मागितलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. काचेवर वाफ धरली, बोटाच्या पेराएवढी... आणि पान उघडलं. अक्षरं एकेक करून उमटू लागली. डोक्याला चोळायच्या बामाचा वास आला. ताईचं डोकं कायम दुखायचं.

ती तशीच मशीनवाल्याकडं गेली. "माझं दुसरं बोट काढून टाका."

"का हो? तुमचंच आहे ना?"

"माझंच... कापलंय."

त्यानं तिच्यासमोर दुसरं बोट पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काच एकच सांगत राहिली, ओळख पटली नाही. धाकटीनं बोट पुसलं, धुतलं, पदराला घासलं. मशीनवाला दुपारी आला, स्क्रीनकडं बघत राहिला.

"तुमच्या नावावर आता पहिलं एकच बोट आहे, बाई. आणि ते सकाळपासून आत काम करतंय."

"पण मी इथं बसलेय."

"तेच तर..." त्यानं खुर्ची जरा मागं घेतली. "मग तुम्ही कोण?"

घड्याळात चार वाजून गेले होते. धाकटीला पाळणाघराची काच आठवली, आणि ती धावत सुटली.

पाळणाघरातली बाई दप्तरं आवरत होती. "आत्ता तर नेलंत की. दार तुमच्याच नावानं उघडलं."

"तुम्ही पाहिलंत कुणाला?"

"पोर हसत गेली. कुणाचं तरी बोट धरून... मला पाठमोरीच दिसली."

घरापर्यंत कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. कुलपात किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून वरची कडी लागली होती. त्या कडीला धाकटीचा हातसुद्धा टाचा उंचावून पुरायचा. फटीतून बामाचा वास येत होता.

"छकुली... दार उघड. मी आहे, आई."

आत छकुलीचं हसणं थांबलं. मग ती हळूच कुणाला तरी विचारताना ऐकू आली,

"मावशी, उघडू का?"