संघदीपच्या आजारी नायिका

“मरते ती.”

अर्जुनीच्या बस स्टँडवर माझ्या शेजारी बसलेला मुलगा कादंबरी वाचता वाचता शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं.

तो दचकून वळला. “काय?”

“शेवटी मरते ती. अजून बरीच पानं आहेत... आसवं पुरवून वापरा.”

“अरे! सांगून काऊन दिलं तुम्ही?”

“पहिल्याच पानावर खोकलली न ती? कादंबरीतली नायिका खोकलली, म्हणजे गेलीच समजा.”

त्याने रागवायचा प्रयत्न केला, पण हसूच आलं त्याला. नाव संघदीप, गाव चिचगड. मराठीत पीएच.डी. करत होता, आणि त्याचे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजात शिकवत होते. विषय होता ‘मराठी कादंबरीतील आजारी नायिका’.

“बाप्पा!” मी म्हटलं. “दुसरा विषय नाही भेटला?”

“का बा, काय वाईट आहे याच्यात?”

काय सांगणार होते मी? त्याची देवरीकडची गाडी लागली, सुटली... तो उठलाच नाही. मग माझी केशोरीची आली, आणि मला मात्र उठावं लागलं.

त्यानंतर तो कॉलेजच्या वाचनालयात येऊ लागला. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बाहेर धानाच्या मळण्या सुरू होत्या, खिडकीतून पिवळा भुसा टेबलावर येऊन बसायचा, आणि आम्ही पुस्तकांवरचा भुसा फुंकत भांडायचो. जुन्या कादंबऱ्या, नव्या कादंबऱ्या. तो म्हणायचा, आजार हे प्रतीक आहे, समाजाच्या दुखण्याचं.

“प्रतीक गेलं खड्ड्यात,” मी म्हणायचे. “या सगळ्या बाया आजारी पडल्या की गोऱ्या काऊन होतात? खिडकीपाशीच काऊन बसतात? एकीलेही उलटी होत नाही. एकीचेही केस गुंतत नाहीत.”

“लेखकाले सौंदर्य दाखवाचं असते.”

“लेखकाले नायकाचं रडणं दाखवाचं असते. ती मरते, हा शहाणा होते. तिचं काय?”

तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहायचा. “खुशबू... हे तू लिही न. माझ्यापेक्षा चांगलं लिहिशील.”

“तुझी पीएच.डी. बुडंल.”

“बुडू दे. मीही बुडूनच राहिलो.”

मी पुस्तकात डोकं घातलं. कान तापले होते. पुस्तक उलटं धरलंय, हे त्यानेच हलकेच सरळ करून दाखवलं, आणि त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं ते जरा जास्तच वेळ तिथे राहिलं. मी हात काढला नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याच्यासमोर मी नुसती भांडखोर पोरगी होते, आणि तसं असणं मला फार आवडत होतं.

जानेवारीत वर्गाची सहल इटियाडोहला गेली, तोही आला. धरणाच्या भिंतीवर गार वारा होता. मी पाणी कमी प्यायले होते, चालले फार होते, आणि स्वेटर बॅगेत होतं, कारण निळ्या ओढणीवर ते शोभत नव्हतं. आधी गुडघ्यात कळ आली. मग कमरेत, छातीत. हाडांच्या आतून कोणी पिळून काढतंय तशी. मी सगळ्यांसमोर भिंतीवरच आडवी झाले आणि ओरडले. उलटीही झाली. संघदीपच्याच बुटांवर.

त्याने मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात सलाईन लागलं. माझी आई कलाबाई रोवणी-कापणीचं काम टाकून केशोरीहून धावत आली आणि तिनेच त्याला सांगितलं. सिकलसेल, रक्ताचा आजार. जन्मापासून. माझा मोठा भाऊ अतुल यातच गेला, बारावीत असताना.

मी डोळे उघडले तेव्हा तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

“मले काऊन नाही सांगितलं?”

“मग तू माझ्याकडं तसं पाहिलं असतं.”

“कसं?”

“आता पाहून राहिला तसं.”



महिनाभर त्याने फोन केले, मी थोडकंच बोलले. मग एका सकाळी तो ओमेश नावाच्या मित्राची जुनी मोटारसायकल घेऊन आमच्या अंगणात हजर. आईने पाणी दिलं, ती आत चुलीकडे गेली. बाबा शेतावर होते.

“मी तपासणी करून घेतली,” तो म्हणाला. “मी सिकलसेलचा वाहक आहो. मले त्रास काही नाही, पण...”

पण. पुढचं मला पाठ होतं. आम्हाला मूल झालं तर ते माझ्यासारखं निघण्याची निम्मी शक्यता. माझ्यासारखं, अतुलसारखं.

“आपण लग्न करू, खुशबू. पोर नको. नाहीतर दत्तक घेऊ. नाहीतर नागपुरात पोटातल्या बाळाची तपासणी होते...”

“आणि निघालं तर?”

तो मोटारसायकलची किल्ली बोटांत फिरवायला लागला.

“आईनं अतुलले कसं सांभाळलं ते मी पाहिलं आहे,” मी म्हटलं. “तो कण्हला की ही उठे. तो झोपला तरी ही उठे, श्वास चालू आहे का पाहाले. तू तसाच होशील. आताच होऊन राहिला. जा तू, संघदीप.”

त्याचा चेहरा एकदम लाल झाला. “हेच करतात न त्या नायिका? त्याच्या भल्यासाठी त्याले सोडून देतात. तूच म्हणे, हे लेखकाचं खोटं आहे!”

“खोटंच आहे. त्या भल्यासाठी सोडतात... मी भीतीनं सोडून राहिली. तू रोज माझ्या मरणाकडं पाहशील, आणि मी रोज तुले पाहताना पाहीन. नाही होणार माझ्यानं.”

कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या.

“एकदा तरी म्हण,” तो म्हणाला.

“आवडतोस. फार आवडतोस.” पहिल्यांदाच म्हटलं मी ते, आणि म्हणतानाच कळलं की पुन्हा म्हणणार नाही.

तो उठला. मोटारसायकलला किक मारली, ती सुरू होईना. पुन्हा मारली. शेजारची सुमित्राबाई कुंपणावरून बघायला लागली. त्याच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि ती गाडी नुसती खोकत होती. प्रत्येक किकेला मी मनात म्हणत होते, नको सुरू होऊ, बाई... नको होऊ. झाली नसती तर मी धावले असते. खरंच धावले असते.

ती सुरू झाली.

धूळ बसेपर्यंत मी उभी होते. मग आत गेले. आई चुलीपुढे बसली होती, भाताचं पातेलं उतरवत.

“गेला?”

“गेला.”

तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं होतं, तीच म्हणेल, बरं केलंस.

“कायले जाऊ देलंस वं?” आई म्हणाली. “त्याच्याही वाट्याचा भात टाकला होता मी.”