आबांचा आवाज मागे का पडत होता?

पहिलं वाक्य अगदी वेळेवर यायचं. दुसरंही. मग मात्र आबांचे ओठ पुढे निघून जायचे आणि आवाज मागून रखडत यायचा. जुईला याचंच कोडं पडलं होतं. संगणक मंद असेल तर पहिल्या वाक्यालाच उशीर व्हायला हवा. हा उशीर वाढत का जातो?

गोष्ट २०५८ सालची, कराडची. जुईच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. मग घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्यांच्या हनुवटीखाली एक पातळ पट्टी असे. ओठ आणि जीभ हलली की स्नायूंची हालचाल ती टिपायची आणि खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपला कळवायची. तो संगणक आबांच्या जुन्या तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांच्याच आवाजात ते शब्द बोलायचा.

रविवारी आबांचे जुने विद्यार्थी भेटायला येणार होते आणि आबांनी जेवताना सांगून टाकलं होतं, की आपण फक्त मान हलवणार. आपण विनोद सांगायचा आणि मंडळींनी चहा संपल्यावर हसायचं, हे त्यांना नको होतं. नवा संगणक यायला दोन महिने लागणार होते.

जुईने घड्याळ लावून मोजलं. दहा सेकंदांचं बोलणं तयार करायला संगणकाला अकरा सेकंद लागत होते. म्हणजे मिनिटभर बोललं की आवाज सहा सेकंद मागे, दहा मिनिटं बोललं की पुरतं एक मिनिट मागे. आबांनी तिची वही दोनदा वाचली. कोडं सुटलं होतं. संगणक फार मंद नव्हताच, जरासाच कमी पडत होता.

"प्रोसेसर (संगणकात आकडेमोड करणारी चिप) म्हणजे तुमच्या शाळेचं लेझीम पथक समज," आबा म्हणाले. "हलगीचा एक ठोका, एक पाऊल. आपल्या प्रोसेसरला सेकंदाला चारशे कोटी ठोके मिळतात. हलगी थोडी जलद केली तर?"

"पावलंही जलद पडतील. पण दमतील सगळे."

"आणि घाम येईल. प्रोसेसरचा घाम म्हणजे उष्णता. हलगी फारच जलद झाली, तर एक पाऊल पडायच्या आत दुसरा ठोका येतो आणि पथक चुकतं."

ठरलेल्यापेक्षा जलद ठोके द्यायचे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. व्होल्टेज (विजेचा दाब) वाढवला तर पथकाला आणखी जोर येतो, पण उष्णता भराभर वाढते आणि चिपचं आयुष्य घटतं. म्हणून त्याला हात लावायचा नाही.

जुईची आई, मृण्मयी, दारात उभी राहून ऐकत होती. "आबा, जळलं बिळलं तर? तुमचा आवाज आहे हो त्यात."

बोलणं एव्हाना लांबलं होतं, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. "तुझी भीती बरोबर आहे. म्हणून पहिलं काम तुझं."

आईने सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती काढल्या. एक टेबलाच्या खणात ठेवली, दुसरी कपाटात साड्यांच्या घडीत. मग वीज बंद करून जुईने संगणकातल्या पंख्यावरची धूळ ब्रशने झटकली. नियम ठरला, की एका वेळी दहा कोटी ठोकेच वाढवायचे, अर्धा तास संगणकाला जड काम द्यायचं आणि तापमान वहीत लिहायचं. पंच्याऐंशी अंशांवर गेलं की थांबायचं.

चारशे दहा, चारशे वीस, चारशे तीस. सगळं ठीक. चारशे चाळीसला काम सुरू झालं तेव्हा तापमान चौऱ्याहत्तर होतं. जुई पाच मिनिटांत जेवून आली, तर आकडा सत्त्याण्णव. ती हात पुढे करणार तेवढ्यात पडदा काळा झाला.

आबांचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही.

आपणच आबांना मुकं केलं, असं जुईला वाटलं. तेवढ्यात आई धावत आली आणि जागीच थबकली. संगणकावर तिनेच शिवलेलं जाड, कापूस भरलेलं कव्हर होतं. या घरात मिक्सरला झालर होती आणि शिलाई मशीनला अंगरखा. बाहेर वारा सुटला, धूळ येऊ लागली, तसं येता-जाता तिने सवयीनं संगणकालाही पांघरूण घातलं होतं. गरम हवा बाहेर पडायची जाळीच झाकली गेली होती.

"माझंच चुकलं," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

आबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "एप्रिलात लेझीम खेळणाऱ्यांना स्वेटर घातलास." खाली आणखी एक ओळ, "जळलं नाही. फार तापलं की प्रोसेसर स्वतःच बंद पडतो. थांबू."

अर्ध्या तासाने संगणक पुन्हा सुरू झाला. आवाज आला तो आईसाठी. "मृण्मयी, तू प्रती काढून ठेवल्या होत्यास, म्हणून मला धीर होता. तुझे आभार."

कव्हर धुवायला गेलं. चारशे चाळीस पार पडलं, पन्नास, साठही. चारशे सत्तरला मात्र आबांचा आवाज 'गुरुत्वाकर्षण' म्हणता म्हणता 'गुरुगुरुगुरु' करत बसला. इथे पाऊल चुकत होतं. आबांनी दोन पायऱ्या खाली यायला सांगितलं. अगदी काठावर उभं राहायचं नसतं. चारशे पन्नासवर संगणक दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत राबला. तापमान अठ्ठ्याहत्तरच्या वर गेलं नाही आणि दहा सेकंदांचं बोलणं दहा सेकंदांच्या आत होऊ लागलं.

रविवारी आठ पिकल्या केसांचे विद्यार्थी आले. त्यांतले देशमाने सांगू लागले, "सरांनी मला एकदा वर्गाबाहेर काढलं आणि..."

"काढलं नाही," आबांनी मध्येच तोडलं. "तू आलाच नव्हतास."

खोली हसली, त्याच क्षणी. चहाचा ट्रे घेतलेली आई दारातच थांबली. आबांना मध्येच कुणाला तोडता आलं, याला वर्ष होऊन गेलं होतं. पुढे वीस मिनिटं ते बोलत राहिले आणि आवाज ओठांच्या बरोबरीने चालला.

मंडळी गेल्यावर आबांनी जुईला जवळ घेतलं. "गप्पांतली माझी जागा मला परत मिळाली, बाळा. तू मोजलंस म्हणून."

जुई मात्र पट्टीकडे बघत होती. संगणक पट्टीतच बसवता आला तर आबा बाजारातही बोलू शकतील. पण गळ्यापाशी उष्णता चालणार नाही.

"मग ठोके न वाढवता काम कमी कसं करायचं, ते शोधावं लागेल," आबा म्हणाले. "वेळ लागेल त्याला."

"लागू दे," जुई म्हणाली आणि तिने वहीचं कोरं पान उघडलं.