सुलटा डोंगा

हे वाचून हसलात तरी चालेल, पण खोटं म्हणू नका. पोलीस ठाण्यात माझ्या सहीची तक्रार आहे. हरवलेली व्यक्ती, माझा भाऊ धम्मदीप. वय सव्वीस.

बारा मे, रविवार. दुपारचे साडेबारा. मारेगाव तालुक्यात वर्धा नदीच्या काठावरचं एक गाव. नाव लिहीत नाही, गावकऱ्यांनी हात जोडलेत.

मी साधना. दारव्ह्याला शाळेत शिकवते. आमचा सहा जणांचा गट सुट्टीच्या दिवशी नदीकाठ पालथा घालतो. जुने घाट, पायऱ्या, बुडालेल्या नावा शोधायच्या. माप घ्यायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा. "यवतमाळात कुठला समुद्र न् कुठली जहाजं?" म्हणून शाळेतल्या बाया चिडवतात. चिडवू देत. नदीतही माणसं बुडालीच ना.

त्या दिवशी वाळूत एक लाकडी डोंगा सापडला. पूल व्हायच्या आधी माणसं नेणारा. पुरात सवाऱ्यांसकट बुडालेला.

पालथा पडला होता.

शेजारी डोमाजी भोई बसलेले. पंच्याहत्तरीचे. डोंगा त्यांच्या वडिलांचा.

"बाई, बुडाला डोंगा पालथाच ठेवा लागते. म्या सोता केला पालथा. सुलटा केला का तो सवारी मांगते."

"पण आतलं माप नाही घेतलं तर फॉर्म अर्धा राहील ना, बाबा."

डोमाजी उठले. "फारमापायी जीव नोका घालू," म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या घरी भूतबित कोणी मानत नाही. आम्ही सहाही जणांनी खालून लोखंडी सब्बल लावली आणि डोंगा सुलटा केला. मग चौघं वरच्या घाटाकडे गेले. उरलो आम्ही दोघं बहीणभाऊ.

धम्मदीप टेपचं टोक घेऊन डोंग्याच्या मागच्या बाजूला गेला. मी टेपची डबी धरून पुढच्या बाजूला. मागचा भाग उंच होता, त्यामुळे वाकलेला माणूस दिसत नव्हता.

"पकडलं का रे?"

"हो..."

टेप ताणली गेली. आकडा आला नऊ मीटर.

बाहेरून मोजला तेव्हा डोंगा सव्वासहाचा होता.

"नीट धर ना! नदीत चालला का?"

मी डबी हलवून पाहिली. टेप मात्र ताठ...

"ताई, कोनासंग बोलून राह्यली?"

आवाज माझ्या पाठीमागून आला.

धम्मदीप पाण्याची बाटली घेऊन उभा होता. टोक दगडाखाली दाबून तो कधीचाच सावलीत गेला होता, म्हणे.

"मंग 'हो' कोन म्हणलं?"

तो हसला. "ऊन लागलं तुले. थांब, पाहतो."

आणि डोंग्यात चढला. आडव्या फळ्यांवरून मागच्या टोकाकडे निघाला.

मी मान खाली घातली, फॉर्मवर आकडा लिहायला. आमची सवयच तशी. आकडा दिसला की आधी लिहायचा.

नऊ. एवढंच लिहिलं हो मी.

वर पाहिलं तर टेप सैल पडली होती...

डोंगा रिकामा.

"दीपू!"

मी मागे धावले. दगड जागेवर होता. त्याच्याखाली टोक नव्हतं. वाळूत धम्मदीपचं पलीकडे गेलेलं एकही पाऊल नव्हतं. पुढे नदी, तीही घोट्याएवढी.

डोंग्याच्या सगळ्या फळ्या उन्हानं तापलेल्या. मधली तेवढी ओली...

एक माणूस बसेल एवढीच.

मी हातांनी वाळू उकरत बसले. नखं उलली. आमची माणसं धावत आली, गाव आलं, पोलीस आले. घोट्याएवढ्या पाण्यात तीन दिवस गळ टाकले. काही नाही.

आई रोज एकच विचारते, "लेकराले कुठी सोडलं तू?"

चौथ्या दिवशी डोमाजी चार माणसं घेऊन आले. "आता तरी पालथा करू द्या बाई. नाही त अजून एक जाईन."

मी डोंग्यात आडवी पडले. "पालथा केला तर तो येईल कुठून, बाबा?"

डोमाजी डोळे पुसत परत गेले.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. त्याच वेळी. टोक त्याच दगडाखाली ठेवलं, पुढच्या बाजूला आले, डबी धरली.

"पकडलं का रे, दीपू?"

आवाज आला नाही.

टेप ताणली गेली...

चौदा मीटर. दुसरं टोक सरळ नदीत गेलेलं.

मी रडत होते, पण हसतही होते. कोणीतरी धरलं होतं ना! तो धम्मदीप होता, की त्या दिवशी 'हो' म्हणणारा, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी साडेअठरा. मग चोवीस.

गावानं उद्याचा सोडून पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर ते डोंगा पालथा करणारच. त्यांचीही पोरंबाळं नदीवर जातात, मी त्यांना दोष देत नाही. माझ्या हातात एकच रविवार उरला आहे.

आज अठ्ठावीस मीटर आले. आज ओढही जास्त होती, माझे पाय वाळूत घसरले.

माझी टेप तीस मीटरची आहे. ती संपली की दोघांपैकी एकाला टोक सोडावं लागेल.

मी सोडणार नाही.