निंदणीत गेलेली ओळ

क्लोटोक, म्हणजे मोटरवर चालणारी लाकडी नाव, आपल्या नावासारखीच टोक-टोक करत मार्तापुरा नदीच्या वळणावर आली आणि वरून सर कोसळली. कुणी डोक्यावर टोपली पालथी घातली, कुणी केळीचं पान धरलं. मस्तुरानं मात्र अंगातला रेनकोट काढला, मांडीवरच्या पोत्याला नीट गुंडाळला आणि स्वतः भिजत बसली.

"अगं पोरी, पोत्याला काय सर्दी होते?" सुकाणूपाशी बसलेली आचिल बैना ओरडली. आचिल म्हणजे मावशी. बैनाला सख्खी भाची एकच होती, पण मावशी ती सगळ्या नदीची.

"सर्दी नाही आचिल, मरण येतं. पुस्तकं आहेत."

तेवढ्यात पोत्यावर एक छत्री आली. निळी, एक काडी मोडलेली, आणि अगदी पोत्याच्या मधोमध धरलेली. त्या मोडक्या काडीवरून पाण्याची धार लागली ती थेट मस्तुराच्या मानेवर.

तिनं वळून पाहिलं. शिडशिडीत तरुण, चष्म्यावर थेंब, स्वतःचा सदरा चिंब.

"छत्री माणसावर धरतात हो."

"माणूस वाळतं," तो शांतपणे म्हणाला. "पुस्तक वाळलं तरी फुगलेलंच राहतं."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. हा माणूस आपल्याच धंद्यातला दिसतोय, हे तिनं ओळखलं.

आचिलनं नाव पुलाखाली घातली आणि मोटर बंद केली. आता पाऊस थांबेपर्यंत बोलण्याशिवाय काम नव्हतं.

"तुम्ही 'वल्हं' वाचता का?" मस्तुरानं विचारलं.

नदीकाठच्या शाळांमधल्या ग्रंथपालांसाठी दर महिन्याला निघणारं ते पत्रक. कुठल्या शाळेला नवी पुस्तकं आली, वाळवीवर काय उपाय, बांधणीचा चांगला डिंक कुठं मिळतो, असं सगळं त्यात असायचं.

"वाचतो... कधीमधी," तो चष्मा पुसत म्हणाला.

"मग या महिन्याचं बघितलंच असेल. 'तपासणीआधी ग्रंथालयाची निंदणी करा. जुनी पुस्तकं म्हणजे शेतातलं तण. सगळी उपटून काढा.' आमच्या मुख्याध्यापकांनी ते फलकावर लावलंय. सोमवारी रद्दीवाल्याची नाव येणार. कपाटं रिकामी करायची आणि खोलीत पाहुण्यांसाठी कोच टाकायचे!"

"सगळीच जुनी पुस्तकं?"

"सगळी. मी घरोघरी हात पसरून आणलेली. आज्या-पणज्यांची गाणी, पंतुनं, कुणी कुणी जुन्या लिपीत उतरवून ठेवलेली... ती काय पुन्हा छापून येणारेत? म्हणून रोज एक पोतं घरी नेतेय."

"म्हणजे ग्रंथपालच पुस्तकं चोरतोय."

"निंदणीतून भात वाचवला तर त्याला चोरी म्हणत नाहीत. तो संपादक एकदा भेटू दे मला! गुडघाभर चिखलात उभा करीन आणि विचारीन, सांग बाबा, तण कुठलं नि भात कुठला?"

आचिल बैना खोकली. खोकला काही खरा नव्हता. "हळू बोल गं. चिखल जवळ आहे, आणि... संपादकही."

मस्तुराचा हात तोंडावर गेला. छत्री थोडी हलली, पण पोत्यावरून ढळली नाही.

"मी रिजानी," तो म्हणाला. "जिल्हा वाचनालयात असतो. 'वल्हं' मीच काढतो. त्यात पुढं एक ओळ होती... 'गावाच्या आठवणींच्या पुस्तकांना मात्र हात लावू नये, ती निवड ग्रंथपालाचीच.' पण शेवटच्या पानावर पंतून मावेना. म्हणून ती ओळ... कापली."

"गाण्यासाठी?"

"गाण्यासाठी."

पंतून म्हणजे चार ओळींचं गाणं. पहिल्या दोन ओळी नदीच्या, झाडापानांच्या; पुढच्या दोन मनातल्या. रिजानी दर अंकात पहिल्या दोनच छापायचा आणि ग्रंथपालांकडून पुढच्या दोन मागवायचा. काठाकाठानं उत्तरं यायची. मस्तुरानं मात्र कधी पाठवलं नव्हतं. वाचायची ती दर वेळी, आणि पान दुमडून ठेवायची. पण हे या क्षणी त्याला सांगायची काही गरज नव्हती.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो," तो म्हणाला.

"पुढच्या अंकापर्यंत माझ्या पुस्तकांच्या पुड्या होतील. आचिल त्यात बिंका केक बांधून विकेल."

"मी कशाला विकीन गं बाई!"

"वेगळा अंक काढा. एका पानाचा. आमच्या सरांना कागदावर छापलेलंच खरं वाटतं, फोनवरचं नाही."

रिजानीनं तिच्याकडं पाहिलं. ओले केस गालाला चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले. नकार ऐकायचाच नाही, असं ठरवून बसलेली ती नजर.

"काढतो. पण आधी तुमची कपाटं बघू द्या. न बघता लिहिलं, तिथंच चुकलो."

"कधी येताय?"

"रविवारी..."

"उद्या," मस्तुरा म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या पुढच्याही दिवशी आला. शाळा सुटली की दोघं खिडकीपाशी बसायची. दमट झालेल्या पानांमध्ये कोरे कागद सरकवायचे, वाळवीनं खाल्लेल्या कडा मऊ ब्रशनं झाडायच्या. काम असं, की मान वर करायची गरज नाही. तरी माना वर व्हायच्या... आणि दोघांच्याही एकाच वेळी.

"हे तण की भात?" तो एखादं पुस्तक उचलून विचारायचा.

"बघा आणि तुम्हीच सांगा."

"'संगणक शिका', फार जुनं. यातला संगणक आता संग्रहालयात असेल. तण."

"बरोबर. शिकताय हळूहळू."

"बाई कडक आहेत ना..."

एकदा तिनं जुन्या लिपीतलं एक पंतून वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज नदीसारखा संथ झाला. वाचून झालं तरी रिजानीच्या हातातला कागद सरकवायचा राहिला.

"तुम्ही कधी उत्तर का पाठवलं नाहीत 'वल्ह्या'ला?"

"वेळ नसतो मला," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत हळूच पुटपुटली, "आणि कागदावरचं उत्तर कुणीही देतं हो... समोरासमोर कुणी म्हटलं, तर बघू."

सोमवारी सकाळी रद्दीवाल्याची नाव घाटाला लागली. पोती वऱ्हांड्यात आली. घरी नेलेली पोतीही मस्तुरानं त्यात आणून ठेवली होती. लपवून वाचवलेली पुस्तकं शेवटी लपलेलीच राहतात, असं तिनं आईला सांगितलं होतं. आता राहतील ती कपाटात, सगळ्यांसमोर. नाहीतर रद्दीवाल्याला आधी माझ्याशी भांडावं लागेल. आणि खरोखरच ती पोत्यांच्या पुढं हाताची घडी घालून उभी राहिली.

मुख्याध्यापक गझाली सर चष्म्यावरून बघत होते. माणूस वाईट नव्हता. नियम म्हटलं की त्यांना झोपेतही जाग यायची, इतकंच. "मस्तुराबाई, बाजूला व्हा. छापून आलंय ते."

"थांबा सर!" घाटाच्या पायऱ्या चढत रिजानी धापा टाकत आला. त्यानं कागद पुढं केला. वर 'वल्ह्या'चं नाव, खाली विशेष अंक, आणि त्यात ती कापलेली ओळ, ठळक अक्षरात.

सरांनी कागद वाचला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मान हलवली. "हे 'वल्हं' नव्हे."

"सर, मीच काढतो ते!"

"असाल. पण पंतून कुठाय? 'वल्ह्या'च्या शेवटी अर्धं पंतून असतं. कधी चुकलं नाही. माझी बायको दर महिन्याला उत्तर पाठवते. पंतुनाशिवाय 'वल्हं' म्हणजे शिक्क्याशिवाय दाखला. असा कागद कुणीही छापील."

रिजानीचा चेहरा उतरला. "मुद्दाम नाही घातलं. गाण्यासाठी ओळ कापली होती... म्हणून या वेळी ओळीसाठी गाणं कापलं."

रद्दीवाल्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

"मग आत्ता म्हणा!" मस्तुरा म्हणाली. "इथंच. सर लिहून घेतील कागदाच्या खाली."

"आत्ता?" रिजानी गोंधळला. समोरासमोर म्हटलेलं अर्धं पंतून तसंच टाकायचं नसतं, हे तिथं उभ्या सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्याकडं बघून म्हणावं, त्यानं ते पुरं करायचं. मागणी घालायला आलेले पाहुणेसुद्धा दारात असेच उभे असतात... उत्तर येईपर्यंत.

त्यानं नदीकडं पाहिलं. जांभळ्या फुलांची जलपर्णी वाहत येऊन घाटाच्या पायरीशी अडकली होती. मग त्यानं नजर वळवली... आणि ती मस्तुरावर थांबली.

"जलपर्णीची वेल आली, घाटाला येऊन अडली,
पलीकडच्या नारळीखाली थांबून राहिला वारा..."

सरांनी पेन काढलं. रद्दीवाल्यानं पोतं खाली ठेवलं. घाटाला नाव बांधणारी आचिल बैनाही दोर हातात धरून तशीच उभी राहिली.

मस्तुराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाठीमागं सगळ्या आज्या-पणज्यांची पंतुनं पोत्यात बसून ऐकत होती. आपण हटणार नाही, असं सकाळपासून घोकलं होतं तिनं. मग आताच का हटायचं? तिनं हाताची घडी सोडली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं—

"चूक तुमची वाहत वाहत माझ्या पदरी पडली,
आता नाव वळवू नका, इथंच आहे किनारा."



"यमक जमलं," गझाली सर गंभीरपणे म्हणाले आणि लिहून घेतलं. "आता 'वल्हं' झालं. पोती आत घ्या." दोन पावलं जाऊन ते थबकले. "पण हे अर्धं कुठंय? हे तर पुरं झालं!"

"झालं ना सर," आचिल बैना पदरानं डोळे टिपत म्हणाली. "आम्ही कधीची वाट बघत होतो, आज पुरं झालं."

तपासनीस आले आणि त्या जुन्या कपाटापाशी जे बसले, ते चहा गार झाला तरी उठले नाहीत. आपल्या आजोळचं एक पंतून त्यांना सापडलं होतं. कोच आले, पण ते सरांच्या खोलीत गेले.

पुढच्या 'वल्ह्या'चा कच्चा कागद दाखवायला रिजानी शाळेत आला, तेव्हा मस्तुरानं आधी शेवटचं पान उघडलं. चारही ओळी होत्या. खाली जागा कोरी.

"या वेळी कुठली ओळ कापलीत?"

"नावांची. पंतून दोघांचं आहे. आणि आपल्याकडं मुलामुलीची नावं शेजारी-शेजारी छापतात ती..." तो अडखळला. "ती एकाच पत्रिकेवर. तुझ्या वडिलांना विचारल्याशिवाय कशी छापू?"

'तुझ्या' म्हणाला होता तो. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिनं कागदाची घडी केली... उगाचच, पुन्हा उलगडली.

"मग शुक्रवारी या. मोठ्या माणसांना घेऊन. आचिलच्या नावेनं या, आणि पाऊस असला तर ती छत्री या वेळी माणसावर धरा."

"आणि पुस्तकं भिजली तर?"

"नाही भिजणार," मस्तुरा म्हणाली. "त्यांच्यावर मी रेनकोट धरीन की."